बाकांचा डोंगा

पट चारावर आला तशी टोल्यावरची शाळा बंद झाली.
लिलावात बाक निघाले, सागाचे, डेस्क जोडलेले.
कोणी गोठ्यासाठी नेले, कोणी चुलीसाठी.
मी चार घेतले, आणि बैलगाडीवाल्या सदारामला
कशासाठी ते घरी येईपर्यंत सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर गाडीच्या आधी
हसू पोचलं असतं गावात.

आईचं नाव पुस्तकला.
शाळेची पायरी तिनं एकदाच चढली,
खिचडीचे तांदूळ निवडायला.

उजवा गुडघा वाकत नाही तिचा.
जुना डोंगा मोहाच्या खोडातून कोरलेला, बाबांच्या मापाचा.
त्यात ती तिरपी बसायची
आणि डोंगा तिच्याहून तिरपा चालायचा.
म्हणून आधी माप घेतलं.
अंगणात बसवली, कोळशानं भोवती रेघ ओढली:
डावी मांडी आत, उजवा पाय लांब,
जाळं ओढताना कोपर जातो तेवढी रुंदी,
शिंगाड्याच्या वेलांतून शिरेल एवढं टोक.
ती म्हणाली, "जेवाले बसवतस का, महिरप काढून?"
मी म्हणालो, हलू नको.

चैताच्या उन्हात साग कोणाचं ऐकत नाही.
ओल्या पोत्यात गुंडाळला, खाली गोवऱ्यांची धग,
वर दगड. सकाळी बोटभर वाकला.
दुसऱ्या रात्री आणखी बोटभर.
तिसरी फळी कडकन बोलली,
तेव्हा मी शिव्या दिल्या त्या सुताराला
ज्यानं माझ्या जन्माआधी
लाकूड इतकं चांगलं वाळवलं होतं.

दौतीची भोकं आठ.
बिजाच्या खुंट्या ठोकल्या, फटींत कापूस,
वरून जवसाचं तेल आणि राळ.
राळ उकळली त्या दुपारी शेजारची अंतकला
नाकाला पदर लावून तिच्या माहेरीच निघून गेली.

मग रंधा हातात घेतला, आणि थांबलो.
फळ्यांवर नावं होती, कर्कटकानं कोरलेली.
यादोराव. देवानंद, सातवी ब
(ब तुकडी आमच्याकडे कधीच नव्हती).
एक बदाम, त्यात अर्धंच अक्षर, गुरुजी आले असतील.
नेतलाल, सगळ्यांत खोल,
जो आता हैदराबादला फरश्या बसवतो
आणि पोळ्यालाही येत नाही.
आई झिंगे निवडत होती. वर न बघता म्हणाली,
"नावं आतून ठेव. पान्याले कायले वाचू देतस?"

बुधवारी चौघांनी उपडा डोक्यावर घेतला.
चार जोडी पाय आणि वर होडी,
कुत्री पाळीपर्यंत भुंकत आली.

तलावात सोडला. आठही भोकं कोरडी.
मी बिडी पेटवणार तोच आई म्हणाली, "ओलं लागते."
नेतलालच्या मात्रेतून पाणी येत होतं,
बारीक, घाई नसलेलं.
तिथे फळी पापडाएवढीच उरली होती.
आईनं पदराची गाठ सोडली,
राळेची गोळी काढली (म्हणजे माझ्यावर भरवसा नव्हताच),
दाताखाली मऊ केली
आणि अंगठ्यानं दाबली त्या नावावर.
तोच अंगठा मागच्या महिन्यात
तलावाच्या ठेक्याच्या कागदावर निळा उमटला होता,
पाच बायकांत तिसरा.

मग उजवा पाय लांब करून बसली,
कोळशाच्या रेघेत बसली होती तशी.
बांबू टोचला. गेली.
डोंगा थोडा डावीकडे ओढतो, ती चूक माझी.
काठावरून ओरडून सांगितलं मी,
पण ती कमळांच्या पल्याड होती.

संध्याकाळी दोन मरळी, मूठभर बोटरी,
आणि कोणाची तरी एक चप्पल.
नखाखालची राळ कोरत तिनं विचारलं,
"त्या पोट्ट्याचं नाव काय म्हनलास?"
नेतलाल.
"फोन आला तं सांगजो त्याले," ती म्हणाली,
"गळते म्हनाव."